पेरॉन (सॉम, उत्तर फ्रान्स): वारंवार विचारले जाणारे प्रश्न

साखरेचं बीट (शुगर बीट), बटाटे, मटार, कालवा आणि अजूनही जमिनीतून निघणारे पहिल्या महायुद्धातले तोफगोळे, यांबद्दल पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सोप्यापासून अडचणीच्या प्रश्नांकडे असा क्रम आहे. एकच माहिती दोनदा न देता दुसऱ्या प्रश्नाकडे बोट दाखवलं आहे.

1. पेरॉन नक्की कुठे आहे आणि केवढं आहे?

फ्रान्सच्या उत्तरेला, ओ-द-फ्रान्स प्रांतातल्या सॉम जिल्ह्यात. 2016 पर्यंत हा भाग पिकार्दी प्रांतात होता आणि लोक अजूनही पिकार्दीच म्हणतात. वस्ती सुमारे 7,000. पॅरिसपासून साधारण 140 किमी, अमियाँपासून 50, सँ-काँतँपासून 30. आपल्याकडच्या प्रांत कचेरीसारखं उपविभागीय कार्यालय इथे असल्याने गाव वस्तीच्या मानाने मोठं वाटतं. शाळा, दवाखाना, कचेऱ्या यांसाठी आजूबाजूची खेडी इथेच येतात.

सॉम नदी गावाला लागून वाहते, पण तिचा एकच प्रवाह दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका. जळणासाठी शतकानुशतकं पीट, म्हणजे कुजलेल्या वनस्पतींची माती, खणून काढल्यामुळे खोऱ्यात तळ्यांची रांगच तयार झाली आहे. अर्जेंटिनाच्या पेरॉन यांच्याशी गावाचा काही संबंध नाही. हेही विचारलं जातं, म्हणून सांगितलं.

2. तिथे जायचं कसं? नकाशावर टीजीव्हीचं (अतिवेगवान रेल्वेचं) स्टेशन जवळच दिसतं.

दिसतं जवळ, पण ते गावात नाही. टीजीव्ही ओत-पिकार्दी हे स्टेशन पेरॉनपासून साधारण 15 किमीवर, शेतांच्या मधोमध आहे. पॅरिसच्या शार्ल-द-गोल विमानतळावरून टीजीव्हीने तिथे अर्ध्या तासात पोहोचता येतं, म्हणून भारतातून थेट येणाऱ्यांना ते सोयीचं आहे. मात्र तीन गोष्टी आधीच पाहून ठेवा. या मार्गावरची प्रत्येक टीजीव्ही इथे थांबत नाही. स्टेशन साध्या रेल्वेमार्गाला जोडलेलं नाही, त्यामुळे उतरून दुसरी लोकल पकडणं शक्य नाही. आणि बाहेर टॅक्सी उभी असेल असं गृहीत धरू नका, आदल्या दिवशी सांगून ठेवा.

पेरॉन गावात आता प्रवासी रेल्वे येत नाही. पॅरिस शहरातून निघत असाल तर गार द्यु नॉर स्टेशनवरून अमियाँ किंवा सँ-काँतँ गाठा आणि पुढे बस किंवा भाड्याची गाडी घ्या. स्वतःची गाडी असेल तर ए-1 आणि ए-29 हे दोन्ही महामार्ग जवळून जातात. दोनतीन ठिकाणं पाहायची असतील तर गाडी घ्याच. खेड्यांना जोडणाऱ्या बस शाळेच्या वेळा धरून धावतात, सुट्टीत त्यांच्या फेऱ्या कमी होतात.

3. त्या स्टेशनला 'बीटाचं स्टेशन' का म्हणतात?

उत्तरेकडचा टीजीव्ही मार्ग 1993 मध्ये सुरू झाला, पण तो अमियाँवरून गेला नाही. अमियाँ आणि सँ-काँतँ या दोन्ही शहरांची समजूत काढायला दोघांच्या मधोमध 1994 मध्ये स्टेशन बांधलं. ते दोघांच्याही कामाचं नव्हतं आणि चारी बाजूंना फक्त बीटाची शेतं होती. नाव पडलं ते कायमचं.

4. आजूबाजूला काय पिकतं?

गहू, शुगर बीट, बटाटे, मटार, फरसबी, पालक, थोडी जवस. पेरॉनच्या नैर्ऋत्येला सांतेरचं पठार आहे. तिथे खडूच्या खडकावर वाऱ्याने आणून टाकलेला गाळ आहे, कित्येक मीटर खोल. दगड नाही, पाणी धरून ठेवतो आणि नांगराला हलका. युरोपातल्या सर्वांत कसदार जमिनींत तिची गणना होते. हिवाळी गव्हाचं उत्पादन चांगल्या वर्षी हेक्टरी 8 ते 10 टन, म्हणजे एकरी सुमारे 32 ते 40 क्विंटल.

या मातीचा एक दोष आहे. बारीक कणांमुळे पेरणीनंतर जोराचा पाऊस झाला की वर पापुद्रा धरतो आणि बीटाचे कोवळे कोंब खालीच अडकतात. मग पापुद्रा फोडायला हलकं दातेरी रूळ फिरवावं लागतं. वाफसा नसताना अवजड यंत्र आत घातलं तर माती खाली दडपली जाते आणि पुढची दोनतीन पिकं त्याची किंमत मोजतात.

5. शुगर बीटाचं वर्ष कसं चालतं?

पेरणी मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या सुरुवातीपर्यंत. दोन ओळींत 45 किंवा 50 सेंमी अंतर, हेक्टरी लाखभर ते सव्वा लाख बी. काढणी सप्टेंबरच्या मध्यापासून. सहा ओळींचं यंत्र आधी पाला छाटतं, मग मुळं उपटून घेतं. मुळांचे लांबट ढीग शेताच्या कडेला रचतात, कारखान्याची पाळी येईपर्यंत ते तिथेच थांबतात. ट्रकमध्ये भरताना फिरत्या रुळांवरून माती झाडली जाते, कारण कारखाना मातीचं वजन कापून पैसे देतो. उत्पादन हेक्टरी 80 ते 90 टनांच्या आसपास.

जिथे गडबड होते त्या जागा अशा:

पेरणी फार लवकर केली आणि नंतर थंडी लांबली, तर बीट पहिल्याच वर्षी फुलोऱ्यावर येतं. हे पीक मुळात दोन वर्षांचं आहे. थंडी लागली की त्याला हिवाळा सरला असं वाटतं. मूळ लाकडासारखं होतं, आणि दांडा वेळेत उपटला नाही तर बी गळून पुढची कित्येक वर्षं तेच तण म्हणून उगवतं.

ढिगातलं बीट गोठलं तर फारसं बिघडत नाही, गोठून पुन्हा वितळलं तर संपलं. सडताना त्यात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ तयार होतो आणि कारखान्यात रस गाळलाच जात नाही. म्हणून डिसेंबरात ढिगांवर हवा जाऊ देणारं जाड कापड टाकतात. प्लास्टिक टाकलं तर आतून घाम येतो.

बीटाला खोडवा नाही. त्याच शेतात ते पुन्हा तीनचार वर्षांनीच येतं, मधल्या काळात गहू आणि इतर पिकांची फेरपालट असते.

6. उसाच्या आणि बीटाच्या कारखान्यात फरक काय?

साखर रेणूने तीच, पण कारखाना वेगळा. ऊस चरकात पिळतात. बीट पिळत नाहीत. ते धुऊन पन्हळीसारख्या पातळ कापांमध्ये कापतात आणि सुमारे 70 अंशांच्या पाण्यात उलट दिशेने फिरवून साखर पाण्यात उतरवतात. मग चुना आणि कार्बन डायऑक्साइड घालून रस निवळतात. बहुतेक कारखान्यांच्या आवारात त्यासाठी चुनखडीची स्वतःची भट्टी असते. पुढे आटवणं आणि दाणे पाडणं आपल्यासारखंच.

उतारा: एक टन बीटापासून साधारण 140 ते 160 किलो साखर. महाराष्ट्रात एक टन उसाला 100 ते 115 किलो पडते. इथवर बीट पुढे दिसतं, पण खरी मेख इंधनात आहे. उसाचा कारखाना आपलंच चिपाड जाळून चालतो आणि वर वीजही विकतो. बीटाच्या चोथ्यात जळण्यासारखं काही नसतं, तो गुरांना जातो. त्यामुळे वाफेसाठी गॅस विकत घ्यावा लागतो. 2022 मध्ये युरोपात गॅस महागला तेव्हा बीटाचे कारखाने का घाबरले, याचं उत्तर एवढंच.

गाळप हंगाम सप्टेंबरपासून जानेवारीपर्यंत, शंभर-सव्वाशे दिवस, रात्रंदिवस.

7. बीटापासून गूळ करतात का? तिथे पुरणपोळीला काय वापरायचं?

नाही. उसाचा कच्चा रस चवीला चांगला असतो, बीटाचा नसतो. त्याला मातकट, किंचित कडवट वास येतो, म्हणून नुसता आटवून खाण्याजोगा गूळ होत नाही. उत्तर फ्रान्सची जवळची गोष्ट म्हणजे व्हेर्ज्वाझ. साखर काढल्यानंतर उरलेला पाक पुन्हा शिजवून केलेली ओलसर, मऊ साखर, फिकी आणि गडद अशा दोन प्रकारची. तिकडे ती साखरेच्या टार्टवर घालतात.

पुरणाला गडद व्हेर्ज्वाझ चालते, मात्र गुळाइतकी घालू नका. आधी पाऊण मापाने सुरुवात करून चव पाहा. ती लगेच विरघळते आणि पुरण सैल पडतं, म्हणून डाळ नीट निथळून घ्या आणि साखर घातल्यावर उलथनं उभं राहीपर्यंत आटवा. गुळाची खारट छटा तिच्यात नाही. चिमूटभर मीठ घाला.

8. साखर कारखाने बंद का पडत आहेत?

हामजवळचा एपव्हीलचा कारखाना 2020 मध्ये थांबला, कांब्रेजवळचा एस्कोदव्रचा 2023 मध्ये. दोन कारणं एकावर एक आली. युरोपातला साखरेचा कोटा 2017 च्या शरद ऋतूत उठला, उत्पादन वाढलं आणि भाव कोसळले. दुसरं कारण मावा. निओनिकोटिनॉइड हे कीटकनाशक लावलेलं बियाणं फ्रान्सने 2018 मध्ये बंद केलं. 2020 चा वसंत उबदार गेला, हिरवा मावा लवकर आला आणि विषाणूंमुळे पानं पिवळी पडली. 2021 आणि 2022 साठी सरकारने सूट दिली, पण जानेवारी 2023 मध्ये युरोपीय न्यायालयाच्या निकालाने तो मार्गही बंद झाला. पीक इतकं बेभरवशाचं झाल्यावर शेतकरी क्षेत्र कमी करतो, आणि बीट कमी आलं की कारखान्याचे दिवस कमी होतात.

उसाप्रमाणेच बीटही लांब वाहून नेणं परवडत नाही. आता या भागाचं बीट रूवासारख्या उरलेल्या कारखान्यांकडे जातं.

9. गावात आणि आसपास दुसरे कोणते उद्योग आहेत?

बहुतेक शेतातूनच निघालेले. आग्नेयेला काही किलोमीटरवर एस्त्रे-मों इथे बाँद्युएल कंपनीचा भाजीप्रक्रिया कारखाना आहे, युरोपातल्या मोठ्यांपैकी एक. नेल या गावी गव्हापासून स्टार्च होतं. पश्चिमेला आल्बेरजवळ मेओल्तमध्ये विमानांचे पुढचे भाग बनतात. या पट्ट्यातला शेतीशी नातं नसलेला मोठा उद्योग तो. पेरॉनमधला बटाट्याच्या चिप्सचा कारखाना 2003 मध्ये बंद झाला. जुनी माणसं तो विषय अजून हळू आवाजात काढतात.

10. मटाराची काढणी रात्री का चालते?

कारण मटार वाट पाहत नाही. शेंग तयार झाली की गोडी एकदोन दिवसच टिकते, पुढे साखरेचं स्टार्च होतं आणि दाणा पिठूळ लागतो. म्हणून तारीख शेतकरी नाही, कारखाना ठरवतो. जूनपासून शेतांतून नमुने नेतात आणि टेंडरोमीटर नावाच्या यंत्रात दाणे दाबून किती जोर लागतो ते मोजतात. आकडा लागला की यंत्रं येतात, दिवस असो वा रात्र. कापल्यापासून काही तासांत दाणे डब्यात किंवा फ्रीझरमध्ये गेले पाहिजेत.

पेरणीही कारखानाच टप्प्याटप्प्याने वाटून देतो, नाहीतर सगळी शेतं एकाच आठवड्यात तयार होतील. उन्हाचा तडाखा आला की हे गणित तरीही कोलमडतं आणि काही शेतं न कापता नांगरून टाकावी लागतात.

11. बटाटा इथे महिनोन्महिने कसा टिकवतात?

तापमानाने, आणि वापर पाहून. बियाण्याचा बटाटा 2 ते 4 अंशांवर, भाजीचा 4 ते 6 वर, तळण्याचा 7 ते 8 वर. तळण्याचा बटाटा जास्त गार ठेवला तर स्टार्चची साखर होते आणि फ्राइज काळ्या पडतात. घरातल्या फ्रिजमध्ये ठेवलेल्या बटाट्याचंही हेच होतं.

ऊब ठेवली की कोंब येतात. पूर्वी ते रोखायला क्लोरप्रोफॅम या रसायनाची धुरी देत. 2020 पासून युरोपात तिला बंदी आहे. आता पुदिन्याचं तेल, इथिलीन असे पर्याय आहेत. ते महाग पडतात आणि काहींचा वापर पुन्हा पुन्हा करावा लागतो. काढणीच्या वेळी बटाट्याचा गर 10 अंशांपेक्षा गार असेल तर पट्ट्यावर आपटून आत काळे डाग पडतात, म्हणून ऑक्टोबरात यंत्रं दुपारी उशिरा सुरू होतात.

12. तिथे शेतजमीन विकत घेता येते का?

कायद्याने परदेशी माणसाला बंदी नाही, पण रस्त्यात तीन फाटकं आहेत. पहिलं कूळ. निदान तीन वर्षं शेती केलेल्या माणसाला काही अटी पूर्ण केल्यावर आपण कसत असलेल्या जमिनीच्या विक्रीत पहिला हक्क मिळतो. दुसरं शेतजमिनीच्या विक्रीवर लक्ष ठेवणारी सफेर ही संस्था. नोटरीने विक्री तिला कळवावी लागते आणि दोन महिन्यांत ती जमीन स्वतः घेऊन दुसऱ्या शेतकऱ्याला देऊ शकते. तिसरं शेती करण्याची परवानगी, ती मालकीपेक्षा वेगळी असते.

जमीन मिळाली तरी कूळ निघेलच असं नाही. 1946 च्या कायद्यापासून खंडाचा करार किमान नऊ वर्षांचा असतो, बहुधा वाढतोच, आणि खंडाची मर्यादा प्रशासन ठरवतं. सांतेरात तर कुळाचा हक्क कायद्याच्याही आधीचा. जुन्या राजवटीत दुसऱ्या कुळाकडची जमीन त्या कुळाच्या मर्जीविरुद्ध कसायला घेणाऱ्याच्या गंजी पेटत, आणि राजाचे हुकूमही त्यापुढे फिके पडत.

13. बीट-बटाट्याच्या हंगामात काम मिळेल का?

पर्यटनाच्या शेंगेन व्हिसावर नाही, महिनाभरासाठीही नाही. हंगामी कामगाराचा परवाना वेगळा असतो, वर्षाच्या बारा महिन्यांत सहा महिन्यांपर्यंत काम करता येतं, आणि त्याची सुरुवात मालकाच्या अर्जापासून होते. फ्रान्समध्ये शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना ठरलेल्या तासांच्या मर्यादेत काम करता येतं. बीटात मात्र माणसं थोडीच लागतात. काम असलं तर बटाटा निवडण्याच्या पट्ट्यावर.

14. पेरॉनजवळ खणत असलेला मोठा कालवा काय आहे?

सेन-नॉर युरोप कालवा. काँपियेन्यजवळून कांब्रेच्या उत्तरेकडे 107 किमी, 4,400 टनांपर्यंतच्या नौकांसाठी. पेरॉनजवळ तो सॉमचं खोरं सुमारे 1.3 किमी लांबीच्या पुलावरून ओलांडेल. म्हणजे खाली नदी, वर कालवा. गावालगत आतील बंदरही ठरलं आहे, तिथे धान्य आणि साखर चढवली जाईल.

सध्या वाहता आहे तो जुना कनाल द्यु नॉर. त्याचं काम 1908 मध्ये सुरू झालं, महायुद्धाने अडलं आणि तो खुला झाला थेट 1965 मध्ये. त्यातून सहा-सातशे टनांच्याच नौका जातात. नव्याला उशीर होतोय म्हणून इथे कुणी फार नवल करत नाही.

15. शेतात गंजलेला तोफगोळा दिसला. काय करू?

हात लावू नका, पायाने ढकलू नका, माती झटकू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका.

जिथे उभे आहात तिथून आल्या वाटेने मागे फिरा. जागा लांबून लक्षात ठेवा: रस्त्याचा क्रमांक, खांब, मोबाइलवरचे अक्षांश-रेखांश. ग्रामपालिकेला, म्हणजे मेरीला, कळवा. ती बंद असेल तर 17 किंवा 112 या क्रमांकावर फोन करा. पुढे प्रशासन सुरुंग निकामी करणाऱ्या सरकारी पथकाला बोलावतं. ते त्याच दिवशी येईलच असं नाही.

शेतकरी असे गोळे बांधावर आणून ठेवतात हे तुम्हाला दिसेल. बटाटा काढणीच्या यंत्राच्या पट्ट्यावर दगडासारखा गोळा येतो, ड्रायव्हर थांबतो, तो उचलतो आणि खांबाशी ठेवतो. सवयीने केलेलं ते काम धोक्याचंच आहे, त्याची नक्कल करू नका. काही गोळ्यांत मस्टर्ड गॅस किंवा फॉस्जीन असतो. कवच गंजून पातळ झालेलं असतं आणि आत द्रव हलतो. शंभर वर्षांनी स्फोटक निवत नाही, उलट फ्यूज अधिक लहरी होतो. जुन्या रणभूमीवरच्या झाडीत जमिनीवर शेकोटी पेटवू नका, याचंही कारण हेच.

16. मेटल डिटेक्टर नेऊ का? छर्रे आठवण म्हणून घरी आणता येतील?

दोन्हींना नाही. प्रशासनाच्या परवान्याशिवाय ऐतिहासिक वस्तू शोधायला डिटेक्टर वापरणं फ्रान्समध्ये गुन्हा आहे, शेतमालकाने हो म्हटलं तरी. आणि फ्यूज, काडतूस, गोळ्याचा तुकडा बॅगेत असला तर विमानतळावर अडकाल. निकामी असल्याचं सांगून सुटका होत नाही.

17. इथे भारतीय सैनिक होते का?

होते, आणि पुण्याचं नाव घेऊन होते. पेरॉनच्या दक्षिण कडेला ला शापलेत इथे ब्रिटिश आणि भारतीय अशी जोड दफनभूमी आहे. 1917 मध्ये आलेल्या भारतीय मजूर तुकड्यांतले लोक तिथे आहेत. ते रस्ते, रूळ आणि डेपो बांधत होते.

वायव्येला, साधारण 20 किमीवर, बाझांतँ हे गाव आणि हाय वुड हे रान. 14 जुलै 1916 च्या संध्याकाळी भारतीय घोडदळाच्या डेक्कन हॉर्स पलटणीने तिथे पिकात भाले पुढे करून चढाई केली. त्यांच्या सिकंदराबाद ब्रिगेडमध्येच पूना हॉर्स ही पलटण होती, जिची मुळं 1817 च्या पुण्यापर्यंत जातात. ईशान्येला एपेहीजवळच्या पेझियेर इथे 1 डिसेंबर 1917 रोजी गोविंद सिंग या लान्स दफादाराने गोळीबारातून तीनदा संदेश पोहोचवला, तिन्ही वेळा घोडा खाली मारला गेला. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. जवळच व्हिलेर-गिस्लँमध्ये 2018 मध्ये भारतीय सैनिकांचं स्मारक उभं राहिलं.

नव्ह-शापेलचं मोठं भारतीय स्मारक (1927) मात्र इथे नाही. ते उत्तरेला 80 किमीच्या आसपास आहे. एका दिवसात दोन्ही जमतं, पण गाडी हवी.

18. पणजोबांचं नाव कसं शोधायचं?

राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत आडनावाने शोधू नका. त्या नोंदींत बहुधा एकच नाव, बापाचं नाव, गावाचं नाव आणि पलटण असते. पलटण आणि शिपाई क्रमांक घालून पाहा. स्पेलिंग कारकुनाने ऐकलं तसं लिहिलेलं असतं, म्हणून चारपाच रूपं करून बघा. थडगं सापडलं नाही तर निराश होऊ नका. अनेकांचं दहन झालं, अनेकांचा पत्ता लागला नाही. नव्ह-शापेलच्या भिंतीवर 4,700 हून अधिक नावं आहेत ती अशांचीच. दफनभूमीच्या भिंतीत छोटं धातूचं दार असतं, त्यात नोंदवही ठेवलेली असते. वाचून परत ठेवा.

19. गावात पाहण्यासारखं काय? पहिल्या महायुद्धाच्या इस्तोरियाल संग्रहालयाला किती वेळ द्यावा?

किमान दोन तास. मध्ययुगीन किल्ल्याच्या मागे सिमेंटची पांढरी इमारत आहे, 1992 मध्ये उघडलेली, वास्तुकार सिरियानी. फ्रेंच, जर्मन आणि ब्रिटिश सैनिकांचं सामान काचेच्या कपाटात उभं नाही, जमिनीतल्या उथळ खड्ड्यांत आडवं मांडलं आहे. गणवेश, बूट, पत्र्याचा मग, दाढीचं सामान, सगळं वरून वाकून पाहावं लागतं. मार्च 1917 मध्ये गाव उद्ध्वस्त करून मागे हटताना जर्मनांनी नगरपालिकेच्या इमारतीवर लावलेली पाटीही आहे: 'चिडू नका, फक्त नवल करा'. हिवाळ्यात काही आठवडे संग्रहालय बंद असतं, निघण्यापूर्वी पाहून घ्या.

याच किल्ल्यात 1468 मध्ये बर्गंडीच्या शार्लने अकरावा लुई या फ्रान्सच्या राजाला अडकवून ठेवलं आणि तहावर सही करून घेतली. गावाबाहेर मों सँ-काँतँच्या टेकडीवर ऑस्ट्रेलियन सैनिकांचं स्मारक आहे. मूळ पुतळ्यात सैनिक गरुडाला संगीन भोसकत होता, तो 1940 मध्ये जर्मनांनी हलवला. आताचा 1971 चा.

20. शाकाहारी माणसाला काय खाता येईल?

गावची ख्याती धुरावलेल्या वामची, म्हणजे सुरुवातच वाईट. फिसेल पिकार्द या भरलेल्या धिरड्यात हॅम असतं. लीकची (कांद्याच्या पातीसारख्या भाजीची) फ्लामिश ही टार्ट चालते, पण तीत अंडं असतं आणि कधी डुकराच्या मांसाचे तुकडेही घालतात. मागवताना 'साँ लार्दों, साँ जांबों' (डुकराच्या मांसाचे तुकडे नको, हॅम नको) असं म्हणा. नुसतं 'व्हेजिटेरियन' म्हटलं तर मासा चालेल असं समजतात. दुपारी दोननंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि सोमवारी बरीच दुकानं उघडत नाहीत, तेव्हा पाव आणि फळं आदल्या दिवशीच घेऊन ठेवा.

21. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गाडी चालवताना काय सांभाळायचं?

चिखल. बीटाचे ट्रक शेतातून थेट डांबरावर येतात आणि ती बारीक माती (प्रश्न 4) पावसाच्या पहिल्या सरीत साबणासारखी होते. बीट काढणीची पाटी दिसली की वळणाआधीच वेग कमी करा, चिखलावर ब्रेक दाबू नका. रस्त्यावर पडलेलं बीट एक-दीड किलोचं असतं आणि दगडाइतकं कडक. धुक्यात ते दिसत नाही.